विश्लेषण : पक्षाघाताची गुठळी काढताना पूर्ण भूल की नुसती गुंगी?

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात आणले, की थोड्याच वेळात नातेवाइकांसमोर दोन संमतीपत्रे येतात. एक मेंदूतील गुठळी काढण्याच्या प्रक्रियेचे आणि दुसरे भुलेचे. पहिल्याबाबत थोडीफार विचारपूस होते, दुसऱ्यावर बहुतेक वेळा न वाचताच सही होते. मात्र या दुसऱ्या कागदामागे असलेल्या प्रश्नावर जगभरातील मेंदूविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दहा वर्षांहून अधिक काळ वाद घालत आहेत. रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करायचे, की जागे ठेवून फक्त गुंगी द्यायची? हा वाद नेमका काय आहे, त्याचे उत्तर कुठवर आले आहे आणि रुग्णाच्या घरच्यांनी त्यातून काय लक्षात ठेवावे, याविषयी…

गुठळी काढण्याची प्रक्रिया काय असते?

पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात मेंदूतील रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो, तर दुसऱ्यात गुठळी अडकून रक्तपुरवठा बंद पडतो. बहुतांश रुग्ण दुसऱ्या प्रकारचे असतात. अशा रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. पण गुठळी मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकली असेल, तर केवळ इंजेक्शनने ती विरघळण्याची शक्यता कमी असते. तेव्हा जांघेतील किंवा मनगटातील रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेली जाते आणि जाळीत पकडून किंवा शोषून गुठळी बाहेर काढली जाते. या प्रक्रियेला ‘मेकॅनिकल थ्रोम्बेक्टॉमी’ म्हणतात. डोक्याची कवटी उघडावी लागत नाही. अँजिओप्लास्टी करतात तशाच कॅथ लॅबमध्ये हे काम होते.

२०१५ मध्ये ‘एमआर क्लीन’ या नेदरलँड्समधील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या उपचाराला खऱ्या अर्थाने मान्यता मिळाली. ५०० रुग्णांच्या या चाचणीत, तीन महिन्यांनंतर स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत सुमारे १९ टक्के होते. या प्रकारच्या उपचारांची जोड मिळालेल्या गटात ते सुमारे ३३ टक्के झाले. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी हेच दाखवले. पुढे २०१८ मध्ये दोन चाचण्यांमुळे निवडक रुग्णांसाठी ही मुदत सहा तासांवरून १६ ते २४ तासांपर्यंत वाढली.

मग भुलेची गरज कशासाठी?

मेंदूच्या पेशींना स्वतःची वेदना नसते. मात्र मेंदूवरील आवरण आणि त्याच्या आसपासच्या रक्तवाहिन्यांना ती असते. जाळीत अडकलेली गुठळी ओढताना रक्तवाहिनीही ताणली जाते आणि जाग्या रुग्णाला डोक्यात तीव्र कळ येऊ शकते. त्यातच पक्षाघातामुळे अनेकांना बोललेले समजत नाही. ‘हलू नका’ ही साधी सूचनाही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. काही जण घाबरून उठायला पाहतात, तर काहींना उलट्या होतात.

डॉक्टर मात्र दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिनीत काम करत असतात. ऐन वेळी रुग्णाचे डोके हलले तर क्ष-किरण चित्र अस्पष्ट होते आणि तार रक्तवाहिनीच्या भिंतीला टोचून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यामुळे रुग्णाला शांत ठेवावे लागते. वाद आहे तो किती शांत ठेवायचे, यावर.

दोन पर्याय कोणते?

पहिला पर्याय गुंगीचा. नळी घालण्याची जागा बधिर करायची आणि शिरेतून थोडे औषध देऊन रुग्णाला सुस्त ठेवायचे. रुग्ण स्वतः श्वास घेतो, हाक मारली तर डोळे उघडतो. हात-पाय हलतात का, हे मध्येच तपासता येते. काही ठिकाणी तर गुंगीही न देता, फक्त जागा बधिर करून काम केले जाते.

दुसरा पर्याय पूर्ण भुलेचा. रुग्णाला बेशुद्ध करून, स्नायू सैल करणारे औषध देऊन श्वासनलिकेत नळी घातली जाते आणि श्वासोच्छ्वास व्हेंटिलेटरवर चालतो. रुग्ण अजिबात हलत नाही. उलटी झाली तरी ती फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो. पण तयारीला वेळ लागतो आणि भुलीची औषधे देताच रक्तदाब झपाट्याने खाली येऊ शकतो.

पूर्ण भुलेला विरोध का होता?

सुरुवातीची आकडेवारी पूर्ण भुलेच्या विरोधात होती. ‘एमआर क्लीन’ चाचणीतील रुग्णांचे नंतर वेगळे विश्लेषण झाले, तेव्हा पूर्ण भूल दिलेल्यांमध्ये उपचाराचा फायदा जवळपास दिसलाच नाही. त्या काळातील मोठ्या चाचण्यांमधील रुग्ण एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यातही पूर्ण भूल दिलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनंतर इतरांपेक्षा वाईट आढळली. अनेक केंद्रांनी मग गुंगीचाच मार्ग धरला.

पण या तुलनेत एक मोठी खोच होती. पूर्ण भूल कोणाला दिली जात होती? जो रुग्ण जवळपास बेशुद्ध आहे, ज्याला उलट्या होत आहेत, जो आटोक्यात राहत नाही, त्याला. म्हणजे मुळातच गंभीर असलेल्या रुग्णांना. त्यांचे परिणाम वाईट आले, तर दोष भुलेचा की मूळ आजाराच्या तीव्रतेचा? आकडेमोडीने हा फरक काही प्रमाणात भरून काढता येतो, पण पूर्णपणे नाही. खरे उत्तर मिळवायचे तर कोणाला पूर्ण भूल आणि कोणाला गुंगी हे डॉक्टरांनी न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायला हवे होते.

चिठ्ठी टाकून केलेल्या चाचण्यांत काय दिसले?

अशा तीन चाचण्या युरोपात झाल्या. जर्मनीतील हायडेलबर्गमध्ये १५० रुग्णांवर ‘सिएस्टा’, स्वीडनमधील गोथेनबर्गमध्ये ९० रुग्णांवर ‘अ‍ॅनस्ट्रोक’ आणि डेन्मार्कमधील आरहूसमध्ये १२८ रुग्णांवर ‘गोलियाथ’. तिन्हींचे निष्कर्ष २०१६ ते २०१८ या काळात आले. पूर्ण भूल घातक आहे, हा समज एकाही चाचणीत खरा ठरला नाही.

उलट, या तिन्ही चाचण्यांतील ३६८ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली आणि २०१९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा पूर्ण भूल दिलेल्या गटात तीन महिन्यांनंतरचे अपंगत्व कमी आढळले. अपंगत्व मोजण्यासाठी शून्य ते सहा अशी मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे काहीही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. पूर्ण भूल गटाची सरासरी २.८ होती, गुंगीच्या गटाची ३.२.

याचे एक कारण साधे आहे. रुग्ण निश्चल असला की डॉक्टरांना गुठळी पूर्ण काढता येण्याची शक्यता वाढते. २०२३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात सात चाचण्यांतील ९८० रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात रक्तवाहिनी मोकळी होण्याचे प्रमाण पूर्ण भुलेत सुमारे ८५ टक्के आणि इतरांत सुमारे ७६ टक्के होते.

म्हणजे पूर्ण भूल सरस ठरली का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. फ्रान्समधील अनेक केंद्रांत झालेल्या ‘गॅस’ आणि ‘अमेटिस’ या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ आणि २०२३ मध्ये आले. दोन्हींमध्ये रुग्णाच्या अंतिम प्रकृतीत ठोस फरक दिसला नाही. ‘अमेटिस’मध्ये कोणत्याही मोठ्या गुंतागुंतीशिवाय स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण पूर्ण भुलेत सुमारे २८ टक्के आणि गुंगीत सुमारे ३६ टक्के होते. पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर दिसले.

पूर्ण भुलेची किंमतही असते. ‘सिएस्टा’मध्ये पूर्ण भूल दिलेल्यांपैकी जवळपास १४ टक्के रुग्णांना न्यूमोनिया झाला, गुंगीच्या गटात हे प्रमाण चार टक्के होते. अनेकांच्या श्वासनलिकेतील नळी काढायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. दुसरीकडे, गुंगीने सुरुवात केलेल्या काही रुग्णांना मध्येच पूर्ण भूल द्यावी लागली. पहिल्या तीन चाचण्यांत हे प्रमाण सहा ते १६ टक्क्यांच्या दरम्यान होते. गुठळीपर्यंत नळी पोहोचलेली असताना काम थांबवून घाईत श्वासनलिकेत नळी घालणे हा सर्वांत गैरसोयीचा प्रसंग असतो.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी कोणताही एक पर्याय सक्तीचा केला नाही. रुग्णाचे धोके, प्रक्रियेचे स्वरूप आणि इतर वैद्यकीय बाबी पाहून पद्धत निवडणे योग्य, असे त्यात म्हटले आहे.

रक्तदाबावर एवढा भर का?

चाचण्यांतून पुढे आलेली सर्वांत उपयोगी गोष्ट बहुधा हीच. कोणती भूल दिली, याइतकेच किंवा त्याहून जास्त महत्त्व त्या वेळी रक्तदाब कसा राखला याला आहे.

रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या मागचा मेंदूचा सगळाच भाग लगेच मरत नाही. मधला गाभा लवकर मरतो. त्याच्या भोवतीचा भाग शेजारच्या लहान वाहिन्यांमधून झिरपणाऱ्या रक्तावर काही तास तग धरून असतो. गुठळी काढण्याचा सगळा खटाटोप हा भाग वाचवण्यासाठीच असतो. निरोगी मेंदू रक्तदाब कमी-जास्त झाला तरी स्वतःचा पुरवठा सांभाळून घेतो. पक्षाघातात बाधित भागाची ही क्षमता हरवते आणि रक्तपुरवठा थेट रक्तदाबावर अवलंबून राहतो. टाकीतील पाण्याची पातळी उतरली की वरच्या मजल्यावरचा नळ आधी बंद पडतो, तसेच हे आहे.

म्हणूनच पक्षाघाताच्या रुग्णाचा वाढलेला रक्तदाब पाहून तो घाईने उतरवला जात नाही. वरच्या बाजूला मर्यादा आहे. प्रक्रियेदरम्यान आणि त्यानंतर २४ तास तो १८०/१०५ च्या वर जाऊ नये, असे पाहिले जाते. पण खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. वरचा आकडा १४० च्या खाली जाऊ नये, असे लक्ष्य भुलेविषयीच्या चाचण्यांमध्ये ठेवण्यात आले होते. ‘सिएस्टा’, ‘अ‍ॅनस्ट्रोक’ आणि ‘गोलियाथ’ या तिन्हींतील रक्तदाबाच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा सरासरी रक्तदाब ७० च्या खाली दहा मिनिटांहून अधिक काळ राहिलेल्या रुग्णांची पुढील स्थिती वाईट आढळली. येथे सरासरी म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला दाब. १२०/८० असेल तर तो सुमारे ९३ येतो.

गुठळी निघाल्यावरही घाई नको. रक्तवाहिनी मोकळी झाल्यानंतर रक्तदाब खूपच खाली ठेवावा का, हे पाहण्यासाठी चीन आणि दक्षिण कोरियात चाचण्या झाल्या. रक्तदाब जास्त उतरवलेल्या गटातील रुग्णांचे नुकसान होत असल्याचे दिसल्याने दोन्ही चाचण्या मुदतीपूर्वी थांबवाव्या लागल्या.

भूलतज्ज्ञ त्या वेळी नेमके काय करतात?

गुंगी असो वा पूर्ण भूल, भूलतज्ज्ञांची नजर तीन-चार गोष्टींवर खिळलेली असते. पहिली रक्तदाब. भूल देताना तो उतरणार हे गृहीत धरून तो वर ठेवणारे औषध आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेले असते. दुसरी श्वास. व्हेंटिलेटरने श्वास जास्त वेगाने दिला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणजे मशीन नीट चालले आहे असे वाटत असताना मेंदूचा पुरवठा मात्र घटत असतो. गुंगी जास्त झाली तर उलटे होते. श्वास मंदावतो, ऑक्सिजन उतरतो, जीभ मागे पडून श्वासमार्ग अडू शकतो. तिसरी रक्तातील साखर, कारण ती फार वाढली किंवा घटली तरी मेंदूला इजा होते. या सगळ्यावर घड्याळ. 

मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या पक्षाघातात उपचार न झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, हा २००६ मध्ये मांडलेला अंदाज आजही वापरला जातो. ‘गोलियाथ’मध्ये कॅथ लॅबमध्ये आल्यापासून जांघेत सुई घालेपर्यंत पूर्ण भुलेला २४ मिनिटे आणि गुंगीला १५ मिनिटे लागली. फरक नऊ मिनिटांचा होता. निश्चल रुग्णावर नंतरचे काम सोपे झाल्याने तो भरून निघाला. पण हे शक्य झाले ते भूलतज्ज्ञांची सवयीची तुकडी आधीच हजर असल्यामुळे. भूलतज्ज्ञ येण्याचीच वाट पाहावी लागली, तर हाच फरक अर्ध्या-पाऊण तासाचा होतो आणि पूर्ण भुलेचा फायदा तिथेच संपतो.

कोणत्या रुग्णाला कोणता पर्याय?

काही बाबतींत निर्णय सोपा असतो. रुग्ण बेशुद्ध आहे, सतत उलट्या होत आहेत, स्वतःची लाळ गिळता येत नाही, श्वास अपुरा आहे किंवा तो आवरतच नाही, तर पूर्ण भूल दिली जाते. मेंदूच्या मागील भागातील मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल, तर श्वास आणि शुद्ध सांभाळणारे केंद्रच धोक्यात असते. तिथेही पूर्ण भुलेकडे कल असतो.

रुग्ण शांत आहे, सांगितलेले समजते, श्वास नीट आहे, तर गुंगी पुरू शकते. हृदय कमजोर असलेल्या आणि भुलीने रक्तदाब कोसळण्याची भीती असलेल्या रुग्णाबाबतही गुंगीचा विचार होतो. या दोन टोकांच्या मध्ये मोठा वर्ग आहे. तिथे त्या रुग्णालयातील तुकडीला कोणत्या पद्धतीची सवय आहे, हे निर्णायक ठरते.

महाराष्ट्रात अडचण कुठे आहे?

गुठळी काढण्याची सोय राज्यात प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. गावात ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणून आधी मालिश, झाडपाला किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे असा प्रवास अजूनही होतो. त्यामुळे रुग्ण पोहोचतो तोवर मोलाचे तास निघून गेलेले असतात.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. अनेक लहान-मध्यम रुग्णालयांत भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नसतात, ते बोलावल्यावर येतात. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी ही व्यवस्था चालते. रात्री दोन वाजता आलेल्या पक्षाघाताच्या रुग्णासाठी ती अपुरी पडते. युरोपातील चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे. तिथे ठरलेली पद्धत, ठरलेली औषधे आणि रक्तदाबाचे ठरलेले लक्ष्य होते. ‘पूर्ण भूल सुरक्षित आहे’ हे वाक्य या अटींसह खरे आहे. त्यामुळे पक्षाघाताच्या उपचार केंद्राची तयारी मोजताना कॅथ लॅब आणि यंत्रांबरोबरच, चोवीस तास भूलतज्ज्ञ उपलब्ध आहेत का, हेही मोजावे लागेल.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यापैकी काहीही दिसले तर वेळ न दवडता १०८ वर फोन करावा आणि सीटी स्कॅनची तसेच पक्षाघातावरील उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. रुग्णाला पाणी, चहा किंवा घास भरवू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात जाते आणि पोट भरलेले असल्यास भुलेचा धोकाही वाढतो. पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. रक्तदाब उतरवणारी जादा गोळीही देऊ नये.

डॉक्टरांना पुढील माहिती न विचारता सांगावी. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, शेवटचे खाणे-पिणे कधी झाले, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा घोरण्याचा त्रास आहे का, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, पूर्वी भुलेचा त्रास झाला होता का आणि तोंडात कवळी किंवा हलणारे दात आहेत का. नेहमीच्या गोळ्यांची पिशवी सोबत नेली तर निम्मे काम होते.

‘पूर्ण भूल देऊ नका, म्हातारे माणूस आहे’ किंवा ‘त्यांना काही कळू देऊ नका, पूर्णच झोपवा’ असे दोन्ही आग्रह नातेवाइकांकडून होतात. आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांवरून या दोन्हींना आधार नाही. निवड त्या क्षणी रुग्णाजवळ उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांवर सोपवावी. सही करताना विचारायचेच असेल तर एवढे विचारावे, की भूलतज्ज्ञ आले आहेत का आणि रक्तदाब सांभाळण्याची तयारी झाली आहे का. आणि सहीसाठी लागणारा वेळ शक्य तितका कमी करावा, कारण दाराबाहेर चाललेल्या चर्चेची मिनिटेही रुग्णाच्याच खात्यातून जात असतात.